आजीचे अंगण आणि लंडनमधली एक खोली

वानखेडे स्टेडियमवर ५ नोव्हेंबर १९८७ रोजी झालेला विश्वचषक स्पर्धेचा उपान्त्य सामना मुंबईकर क्रिकेटरसिकांच्या मनातून अजून गेलेला नाही. ग्रॅहम गूचने स्वीपच्या फटक्यांनी भारतीय फिरकीची धार बोथट केली आणि नंतर सुनील गावसकर अवघ्या चार धावांवर त्रिफळाचीत झाला. तो गावसकरचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. त्याची यष्टी उडविणारा फिलिप डिफ्रेटस इंग्लंडकडून खेळत होता. परंतु त्याचा जन्म डॉमिनिका या चिमुकल्या कॅरिबियन बेटावरील स्कॉट्स हेड या गावचा. त्याच संघातला दुसरा वेगवान गोलंदाज ग्लॅडस्टन स्मॉल जन्माने बार्बाडोसचा. दोघेही शाळकरी वयात इंग्लंडला आलेले.

पुढे १९९५ मध्ये एका नामांकित ब्रिटिश क्रिकेट मासिकाने एक लेख छापला. परदेशात जन्मलेले कृष्णवर्णीय खेळाडू इंग्लंडसाठी खरोखर जिवाची बाजी लावतात काय, असा त्या लेखाचा सूर होता. डिफ्रेटस आणि जमैकात जन्मलेला डेव्हन माल्कम यांनी मासिकाविरुद्ध अब्रुनुकसानीची कारवाई केली आणि मासिकाला भरपाई देऊन प्रकरण मिटवावे लागले. इंग्लंडची टोपी घालून वर्षानुवर्षे गोलंदाजी केलेल्यांनाही 'तुम्ही खरे कुठले?' या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. हा प्रश्न त्यांच्या पिढीला नवा नव्हता. कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या मुलांना तो सर्वप्रथम विचारला गेला तो प्राथमिक शाळेच्या वर्गात.

या स्थलांतराची कथा बहुधा 'एम्पायर विंडरश' या जहाजापासून सुरू केली जाते. २२ जून १९४८ रोजी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात हे जहाज रिकामे झाले, तेव्हा त्यातून कॅरिबियन बेटांवरील सुमारे आठशे प्रवासी उतरले. मुळात जर्मनांनी बांधलेले आणि युद्धात ब्रिटिशांच्या हाती लागलेले हे सैनिकी वाहतुकीचे जहाज. जमैकाहून सर्वांत स्वस्त तिकीट साडेअठ्ठावीस पौंडांना होते. जहाजावर बहुसंख्य तरुण पुरुष होते, त्यांतले कित्येक युद्धात ब्रिटनच्या हवाई दलात काम करून आलेले. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने वसाहतींमधील प्रजेलाही ब्रिटनच्या नागरिकांइतकाच दर्जा दिला. त्यामुळे ही मंडळी कायद्याच्या भाषेत परकी नव्हतीच. नागरिक आपल्याच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात निघाला होता, इतकेच.

बेटांवर ऊसमळ्यांचे दिवस सरले होते, रोजगार नव्हता. ब्रिटनला मात्र युद्धानंतर माणसे हवी होती. १९५६ पासून लंडनच्या परिवहन खात्याने थेट बार्बाडोसमध्ये जाऊन बसवाहक आणि भुयारी रेल्वेचे कर्मचारी भरती केले. रुग्णालयांना परिचारिका हव्या होत्या. १९५२ मध्ये अमेरिकेने नव्या कायद्याने कॅरिबियन लोकांसाठी आपले दार जवळपास लोटून घेतले आणि ओघ ब्रिटनकडे वळला. १९५१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये कॅरिबियन बेटांवर जन्मलेले लोक पंधरा हजारांच्या आसपास होते. दहा वर्षांनी ही संख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली.

या आकड्यांत मुले कमी होती. तीच या कथेची खरी गाठ आहे.

पाच वर्षांचा बेत

जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब असे. पाच वर्षे राबायचे, पैसे गाठीला बांधायचे आणि परत यायचे. तेवढ्यासाठी मुलांना थंडीत कशाला न्यायचे? शिवाय भाड्याने मिळणार ती एखादी खोली. तीही काळ्या माणसाला द्यायला घरमालक तयार असेल तर. 'काळ्यांना जागा नाही' अशा पाट्या खिडक्यांत राजरोस लावल्या जात आणि १९६८ पर्यंत घरे नाकारण्याला कायद्याची बंदीही नव्हती. तेव्हा आधी वडील जात, वर्षा-दोन वर्षांनी आई जाई आणि मुले राहत आजीकडे.

कॅरिबियन समाजात आजीचे स्थान काय, हे कोकणातल्या वाचकाला फारसे समजावून सांगावे लागू नये. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात चाकरमान्यांची मुले गावाकडे आजीपाशी वाढत आणि मनिऑर्डरीकडे डोळे लावून बसत, तसाच काहीसा हा प्रकार. फरक इतकाच, की गणपतीला किंवा शिमग्याला बाप घरी येण्याची सोय नव्हती. मधे अटलांटिक महासागर होता. पत्रे येत, पोस्टल ऑर्डरी येत, नाताळात नवे कपडे येत. आईचा चेहरा मात्र छायाचित्रापुरता उरे. पुष्कळ मुले आजीलाच 'मामा' म्हणजे आई म्हणत.

पाच वर्षे संपली तरी बेत पुरा होईना. पगार अपेक्षेहून कमी, भाडे अपेक्षेहून जास्त. अशातच १९६२ चा राष्ट्रकुल स्थलांतर कायदा आला आणि १ जुलैपासून मुक्त प्रवेश संपला. येणाऱ्यांची संख्या कमी करणे हा कायद्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात त्याने 'परत जाऊ' म्हणणाऱ्यांना कायमचे थांबविले. एकदा बेटावर परतलो तर पुन्हा येता येईलच याची खात्री राहिली नाही. मग आईबापांपुढे एकच मार्ग उरला, तो म्हणजे मुलांना इकडे आणणे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांच्या सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेशाची मुभा होती. मूल सोळा वर्षांचे होण्यापूर्वी तिकिटाचे पैसे जमलेच पाहिजेत, अशी घरोघरी धावपळ सुरू झाली. सर्व मुलांचे भाडे एकदम जमत नसे. मग एका वर्षी थोरला, पुढच्या वर्षी मधली, अशी भावंडे पाळीपाळीने येत. धाकट्याची पाळी येईपर्यंत तो थोरल्याला विसरलेला असे.

मुलांच्या बाजूने पाहिले तर ही दुहेरी ताटातूट होती. आधी आई गेली. मग तिची जागा जिने भरून काढली होती, ती आजीही सुटली. मोठ्यांच्या लेखी हे कुटुंबाचे पुनर्मीलन. मुलाच्या लेखी मात्र कळत्या वयात आलेला वियोग. बंदरावर किंवा विमानतळावर एक अनोळखी बाई जड कोट घेऊन उभी असे आणि 'ही तुझी आई' म्हणून सांगितले जाई. घरी गेल्यावर इंग्लंडमध्ये जन्मलेली धाकटी भावंडे दिसत, ज्यांना आई कधी सोडून गेलेलीच नसे. शिवाय आईने या मुलांसाठी रात्रपाळ्या केलेल्या असत. त्यांनी कृतज्ञ असावे ही तिची अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. आजीसाठी रडणारे मूल तिला कृतघ्न वाटे आणि मुलाला ती कठोर वाटे. अनेक घरांत या विषयावर पुढे आयुष्यभर कोणी बोललेच नाही.

बालकार्यक्रमांची लोकप्रिय निवेदिका आणि पुढे ब्रिटिश उमरावसभेची सदस्य झालेली फ्लोएला बेंजामिन हिने हे मौन मोडले. १९४९ मध्ये त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या फ्लोएलाचे वडील आधी गेले, नंतर आई दोन धाकट्या मुलांना घेऊन गेली. मागे राहिलेली चौघे भावंडे वर्षभराहून अधिक काळ परक्यांच्या घरी राहिली आणि तिथे त्यांना वाईट वागणूक मिळाली. १९६० मध्ये ही भावंडे बोटीने साउदॅम्प्टनला पोहोचली, तेव्हा आई धक्क्यावर उभी होती. पण तिने नेले ते घर म्हणजे लंडनमधली एकच खोली, संपूर्ण कुटुंबाला मिळून. 'कमिंग टू इंग्लंड' हे तिचे १९९५ चे पुस्तक शाळकरी मुलांसाठी लिहिलेले असूनही त्यात या निराशेवर साखर पेरलेली नाही.

कवी लिंटन क्वेसी जॉन्सन जमैकाच्या ग्रामीण भागात आजीकडे वाढला. आजीला वाचता येत नसे, म्हणून तो तिला बायबल वाचून दाखवी. १९६३ मध्ये, अकराव्या वर्षी तो लंडनच्या ब्रिक्स्टन भागात आईकडे आला. त्याच्या कवितेत जमैकाची बोली आणि जुन्या कराराची लय एकत्र आली आहे, तिचे मूळ या वाचनात असल्याचे तो सांगत आला आहे. शाळेने जी भाषा मोडकी ठरविली, तिच्यातली कविता २००२ मध्ये पेंग्विनच्या आधुनिक अभिजात ग्रंथमालेत दाखल झाली. या मालेत समाविष्ट झालेला तो केवळ दुसरा हयात कवी होता.

चिमण्यांची घरे

बेटांवरच्या शाळांतून ही मुले इंग्लंड शिकूनच आली होती. क्रमिक पुस्तके इंग्रजी, राजेराण्यांची सनावळी इंग्रजी, आणि कधी न पाहिलेल्या डॅफोडिल फुलांवरची वर्ड्‌स्वर्थची कविता तोंडपाठ. आपण 'मातृदेशी' निघालो आहोत, अशीच त्यांची समजूत होती. म्हणूनच पहिला धक्का दृश्याचा बसला. आगगाडीच्या खिडकीतून चिमण्या असलेल्या इमारतींच्या रांगा पाहून अनेकांना वाटले, की इथे इतके कारखाने! घरांनाही धुराडी असतात हे त्यांना ठाऊक नव्हते. दुसरे आश्चर्य म्हणजे रस्ता झाडणारा गोरा माणूस. बेटांवर गोरा माणूस फक्त साहेब असे. तिसरे आश्चर्य मात्र शाळेच्या आवारात भेटले. आपण इथलेच, अशी आपली समजूत. पण इतर मुलांना ती मान्य नव्हती. बेटावर असताना हे मूल जमैकाचे, त्रिनिदादचे किंवा बार्बाडोसचे होते. 'काळे' ते इंग्लंडमध्ये झाले.

घरातली एक खोली म्हणजे बिछाने, मेज, रॉकेलची शेगडी, तिचा वास आणि भिंतींवर ओल. चूल जिन्याच्या वळणावर, चार बिऱ्हाडांत मिळून एक. अंगणात उनाडलेल्या मुलांना 'आवाज करू नका, घरमालक ऐकेल' हा पहिला धडा मिळाला. आई रुग्णालयात रात्रपाळीला, वडील पहाटेच्या बसवर; गळ्यात किल्ली अडकवून शाळेतून येणारी मुले स्वतःच दार उघडत.

यातून बाहेर काढले ते बँकांनी नव्हे. बँका या लोकांना घरासाठी कर्ज देण्यास नाखूश असत. जमैकाची माणसे आपल्याबरोबर 'पार्डनर' नावाची पद्धत घेऊन आली होती. त्रिनिदादचे लोक तिला 'सूसू' म्हणत. दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम एका विश्वासू व्यक्तीकडे द्यायची आणि पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. आपल्याकडच्या भिशीत आणि यात काडीचाही फरक नाही. या भिशीवर लंडन आणि बर्मिंगहॅमच्या पडक्या वस्त्यांतील घरांचे पहिले हप्ते भरले गेले आणि मुलांची तिकिटेही निघाली.

स्वतःचे घर झाले की त्यातली रस्त्याकडची खोली सजविली जाई. साखरेच्या पाण्यात बुडवून कडक केलेले क्रोशाचे रुमाल, प्लॅस्टिकची फुले, काचेचे मासे, येशूच्या अखेरच्या भोजनाची तसबीर आणि सर्वांत मानाची वस्तू म्हणजे कपाटाएवढा रेडिओग्राम. मुलांना एरवी त्या खोलीत पाऊल टाकण्याची बंदी. रविवारी चर्चहून आल्यावर, नारळाच्या दुधात शिजविलेल्या घेवड्याच्या भाताचा वास घरभर असताना आणि जिम रीव्हजची तबकडी वाजत असताना तिथे पाहुणे बसत. बाहेरच्या जगात ज्या आईला कोणी 'मॅडम' म्हणत नसे, ती त्या खोलीत यजमानीण असे. सेंट व्हिन्सेंटहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा मायकेल मॅकमिलन याने २००५ मध्ये लंडनच्या जेफ्री संग्रहालयात ही खोलीच प्रदर्शनात उभी केली.

नळ की पाइप?

शाळेत जे घडले, त्याचे परिणाम मात्र अधिक खोल आणि दीर्घकाळ टिकणारे होते.

भारत-पाकिस्तानातून आलेल्या पंजाबी, गुजराती मुलांना इंग्रजी येत नाही हे शिक्षकांना दिसत होते. त्यांच्यासाठी भाषावर्ग काढले गेले. ते पुरेसे नव्हते, पण गरज मान्य झाली होती. कॅरिबियन मुले मात्र इंग्रजीच बोलतात असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात जमैकाचे मूल घरी जी भाषा बोले, तिचे शब्द बहुतांश इंग्रजी असले तरी व्याकरणाची घडण वेगळी होती. काळ आणि वचन दाखविण्याच्या तिच्या रीतींवर आफ्रिकी भाषांचा ठसा होता. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीच्या शाळेत 'अशुद्ध' ठरविले जाते, त्याच जातीची ही गोष्ट, फक्त अधिक टोकाची. भाषा वेगळी आहे हे न मानल्यामुळे निष्कर्ष एकच निघे, की मूलच मंद आहे.

त्यावर शिक्कामोर्तब होई बुद्ध्यंक चाचणीने. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर ब्रिटनमध्ये अपंग विद्यार्थ्यांचे जे वर्ग ठरविले गेले, त्यांतला एक होता 'शैक्षणिकदृष्ट्या सामान्याहून कमी'. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांच्या शाळांना 'ईएसएन' म्हणत. चाचणीतले शब्द आणि चित्रे इंग्रज मध्यमवर्गीय घरातली. पाण्याच्या नळाला इंग्लंडमध्ये 'टॅप' म्हणतात, कॅरिबियन बेटांवर 'पाइप'. जे मूल रोज 'पाइप'खाली हात धुते, त्याला 'टॅप' हा शब्द ओळखता आला नाही तर त्याचा गुण कमी होई. आजीपासून नुकतेच तुटलेले, थंडीने गारठलेले, अनोळखी गोऱ्या परीक्षकासमोर गप्प बसलेले मूल किती उत्तरे देणार?

लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाच्याच १९६० च्या दशकाअखेरच्या आकडेवारीनुसार ईएसएन शाळांतील २८ टक्के मुले स्थलांतरितांची होती. सर्वसाधारण शाळांत हे प्रमाण १५ टक्के होते. ईएसएन शाळांतील स्थलांतरित मुलांपैकी तीनचतुर्थांश कॅरिबियन होती. एका समाजाची इतकी मुले निसर्गतः मंदबुद्धी असू शकत नाहीत, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही.

पालकांनी हे कसे चालू दिले, असा प्रश्न पडेल. याचे उत्तर त्यांच्या शिक्षकांवरील श्रद्धेत आहे. बेटांवर मास्तर म्हणजे गावातली आदरणीय व्यक्ती. त्याने छडी मारली तर घरी आणखी मार मिळे. इंग्लंडमधील मुख्याध्यापकांनी 'तुमच्या मुलाला आम्ही विशेष शाळेत घालतो आहोत' असे सांगितले, की 'विशेष' या शब्दाने पालकांना आनंदच होई. अधिक चांगली शाळा, असा त्यांनी अर्थ घेतला. या शाळांत बहुधा सार्वजनिक परीक्षांचा अभ्यास होत नसे आणि तिथून सर्वसाधारण शाळेत परतणारी मुले अगदी थोडी, हे पुष्कळांना फार उशिरा कळले. मुलगा सोळाव्या वर्षी कोणत्याही प्रमाणपत्राविना बाहेर पडे.

हे प्रकरण उजेडात आणणारा बर्नार्ड कोर्ड हा ग्रेनाडाचा तरुण स्वतः पूर्व लंडनच्या अशा शाळांत शिकवीत होता. १९७१ मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. वेस्ट इंडियन मुलाला ब्रिटिश शाळापद्धती 'सामान्याहून कमी' कशी बनविते, हे तिच्या लांबलचक शीर्षकातच म्हटले होते. 'असते' नव्हे, 'बनविली जाते', हा त्यातला मुद्दा. पुस्तिका शिक्षणतज्ज्ञांसाठी नव्हती. बसवाहक आणि परिचारिका असलेल्या आईबापांसाठी होती. शिक्षकाची अपेक्षा कमी असली की मूल तेवढेच करते, आणि स्वतःबद्दल वाईट ऐकत राहिले की ते खरे मानू लागते, ही गोष्ट त्याने साध्या शब्दांत सांगितली. याच कोर्डचे नंतरचे आयुष्य मात्र फार वेगळ्या दिशेला गेले. तो ग्रेनाडाचा उपपंतप्रधान झाला, १९८३ मधील बंड आणि पंतप्रधान मॉरिस बिशप यांच्या हत्येच्या प्रकरणात त्याला फाशीची शिक्षा झाली. ती नंतर कमी होऊन २००९ मध्ये त्याची सुटका झाली. त्यामुळे पुस्तिकेतले म्हणणे खोटे ठरत नाही, पण तिचे नाव घेताना हा इतिहासही वगळता येत नाही.

शनिवारची शाळा

पुस्तिका प्रकाशित केली ती न्यू बीकन बुक्सने. त्रिनिदादहून आलेले जॉन ला रोज आणि त्यांच्या सहकारी सारा व्हाइट यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये ही संस्था सुरू केली होती. ला रोज यांनी १९६९ मध्ये आपल्या घरी मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि त्या वर्गाला त्रिनिदादचे विचारवंत जॉर्ज पॅडमोर यांचे नाव दिले. त्याच सुमारास उत्तर लंडनच्या हॅरिंगे भागात विद्यार्थ्यांची कुवतीनुसार विभागणी करण्याचा घाट घातला गेला होता आणि वेस्ट इंडियन मुलांची बुद्धी कमी असल्याचे सुचविणारा एक अंतर्गत अहवाल बाहेर फुटला होता. पालक चिडून एकत्र आले.

अशा 'पूरक शाळा' मग चर्चच्या सभागृहांत, दिवाणखान्यांत, तळघरांत निघाल्या. शिकविणारे विद्यापीठातले विद्यार्थी, शिक्षक, कधी दिवसभर कारखान्यात राबून आलेला एखादा बाप. शनिवारी सकाळी इतर मुले खेळत असताना ही मुले गणित आणि व्याकरण घटवीत. शिवाय हैतीमधील गुलामांच्या उठावाचा नायक तूसाँ लूव्हर्त्युर यांच्यासारखी नावे त्यांच्या कानांवर पडत, जी नेहमीच्या शाळेत कधीच ऐकू आली नव्हती. मुलांना हा जुलूम वाटे. त्यांतली कित्येक जण मोठेपणी आपल्या मुलांना घेऊन त्याच वर्गांत आली.

शाळापद्धतीच्या आत राहून लढणारेही होते. ब्रिटिश गयानाहून १९५० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या बेरिल गिलरॉय या प्रशिक्षित शिक्षिका. त्यांना आधी शिक्षिकेची नोकरी कोणी देईना, म्हणून त्यांनी कारखान्यात आणि एका घरी मोलकरीण म्हणून काम केले. पुढे १९६९ मध्ये त्या उत्तर लंडनमधील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. 'ब्लॅक टीचर' हे त्यांचे १९७६ चे आत्मकथन वर्गातल्या वर्णभेदाविषयी कसलाही आव न आणता, पुष्कळदा मिश्कीलपणे बोलते.

'ईएसएन' हा वर्ग १९८१ च्या शिक्षण कायद्याने मोडीत निघाला. १९८५ च्या स्वान समितीच्या अहवालाने या मुलांच्या पिछाडीमागे शिक्षकांचे पूर्वग्रह आणि समाजातील वर्णभेद हेही कारण असल्याचे मान्य केले. तोवर पहिली पिढी शाळेतून बाहेर पडून बेकारांच्या रांगेत उभी होती. १८२४ च्या भटकेविरोधी कायद्याच्या एका कलमाखाली, केवळ संशयावरून पोलीस रस्त्यात अडवीत, आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटले. दगड हाती घेतलेल्यांत याच वर्गखोल्यांतून गेलेली मुले होती. ते कलम त्याच वर्षी रद्द झाले. चित्रपट दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन याने २०२० मध्ये 'स्मॉल ॲक्स' या मालिकेतील 'एज्युकेशन' या चित्रपटातून ईएसएन शाळेत पाठविलेल्या बारा वर्षांच्या मुलाची कथा मांडली, तेव्हा पन्नाशी-साठी उलटलेले अनेक जण त्याविषयी प्रथमच बोलू लागले.

कागद कुठे आहेत?

ब्रिटनमध्ये मुलांना आणण्यासाठी धडपड होती. कॅनडात मुले लपवावी लागली. १९५५ मध्ये कॅनडाने कॅरिबियन बेटांवरून घरकामासाठी स्त्रिया आणण्याची योजना सुरू केली. अट अशी, की स्त्री अविवाहित आणि मूल नसलेली हवी. ज्यांना मुले होती, त्यांतल्या काहींनी अर्जात ती दाखविलीच नाहीत. पुढे १९७७ मध्ये जमैकाच्या सात मातांनी मुलांना बोलावण्यासाठी अर्ज केले, तेव्हा 'आधी माहिती दडविली' म्हणून त्यांच्यावर हद्दपारीचे आदेश निघाले. मोठ्या आंदोलनानंतर १९७९ मध्ये त्यांना राहू देण्यात आले. अलीकडच्या काळात आईबाप अमेरिका-कॅनडात आणि मुले बेटावर, अशी स्थिती असलेल्या घरी तांदूळ, बूट, कपडे भरलेली मोठी पिंपे बोटीने येतात. त्यावरून जमैकातील अभ्यासक क्लॉडेट क्रॉफर्ड-ब्राउन यांनी १९९० च्या दशकात या मुलांना 'बॅरल चिल्ड्रेन' म्हणजे पिंपावर वाढणारी मुले, असे नाव दिले.

ब्रिटनमध्ये आलेल्या मुलांच्या कागदांचा प्रश्न मात्र पन्नास वर्षांनी उपटला. त्या काळी लहान मुले बहुधा आईच्या, वडिलांच्या किंवा थोरल्या भावंडाच्या पासपोर्टवर प्रवास करीत. १९७१ च्या कायद्याने १ जानेवारी १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क मान्य केला, पण त्याचा कोणताही कागद त्यांना दिला नाही, नोंदही ठेवली नाही. मुले शाळेत गेली, नोकऱ्या केल्या, कर भरले. २०१२ पासून सरकारने बेकायदा रहिवाशांसाठी 'प्रतिकूल वातावरण' निर्माण करण्याचे धोरण आखले. घरमालक, मालक, बँका, रुग्णालये सर्वांनी कागद तपासायचे. साठीला आलेल्या या 'मुलां'कडे ब्रिटनमधील वास्तव्याच्या प्रत्येक वर्षाचे पुरावे मागण्यात आले. जुनी आगमनपत्रे हा एक आधार होता. ती गृहखात्याने २०१० मध्येच नष्ट केली होती.

पॉलेट विल्सन १९६८ मध्ये जमैकाहून आजी-आजोबांकडे आली. तिने एकेकाळी ब्रिटिश संसदेच्या उपाहारगृहात स्वयंपाक केला होता. २०१७ मध्ये तिला हद्दपारीसाठी स्थानबद्धता केंद्रात ठेवण्यात आले. खासदार आणि एका स्थानिक संस्थेने ऐन वेळी हस्तक्षेप केला म्हणून ती वाचली. २०१८ च्या एप्रिलमध्ये गृहमंत्री अंबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर घालविण्यात आल्याचे सरकारलाच कबूल करावे लागले. नुकसानभरपाईची योजना २०१९ मध्ये सुरू झाली. काही जण रक्कम हाती पडण्यापूर्वीच निवर्तले. पॉलेट विल्सन २०२० च्या जुलैमध्ये, ६४ व्या वर्षी वारली.

२२ जून २०२२ रोजी लंडनच्या वॉटर्लू स्थानकात या पिढीचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. त्यासाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्षपदी होती फ्लोएला बेंजामिन. शिल्पकार बेसिल वॉटसन जमैकाचे. बंदरावर उतरलेले अनेक प्रवासी आगगाडीने याच स्थानकात येत. ब्राँझचा एक पुरुष, एक स्त्री आणि एक मूल, ठेवणीतले कपडे घालून, हातात हात धरून सुटकेसींच्या ढिगावर चढताना दाखविले आहेत. तिघेही एकाच वेळी आले आहेत. प्रत्यक्षात बहुतेक घरांत त्यातला पुरुष आधी आला, स्त्री मागाहून, आणि मूल त्यानंतर काही वर्षांनी, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून.